स्कॉटलंडमधील लोकांना पूर्ण स्वातंत्र्य हवे आहे की केवळ अधिक स्वायत्तता?

तेथील जनमत यावर खरोखरच विभागलेले आहे. १९९९ पासून एडिनबरा येथील संसद आरोग्य, शिक्षण आणि बहुतांश कायदा-सुव्यवस्था पाहते. संरक्षण, परराष्ट्र धोरण आणि राज्यघटनेविषयीचे अधिकार मात्र लंडनकडेच आहेत. एवढी स्वायत्तता पुरेशी आहे असे काहींना वाटते, काहींना कर व सामाजिक सुरक्षेबाबत आणखी अधिकार हवे आहेत, तर स्कॉटिश नॅशनल पार्टीला पूर्ण स्वातंत्र्य हवे आहे.

१८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के मतदारांनी स्वातंत्र्य नाकारले. वेगळे झाल्यावर पौंड वापरता येईल का, या प्रश्नावर समर्थक शेवटपर्यंत अडखळत राहिले आणि माझ्या मते तेच त्यांना भोवले. पुढे २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने कौल देऊनही त्यांना उर्वरित ब्रिटनबरोबर संघातून बाहेर पडावे लागले, त्यामुळे 'आमचे निर्णय दुसरेच घेतात' या जुन्या तक्रारीला नवे बळ मिळाले. विरोधकांचा प्रतिवादही बिनतोड आहे: स्कॉटलंडचा सर्वांत मोठा व्यापार ब्रिटनच्या उर्वरित भागाशीच चालतो. लंडनच्या संमतीविना एडिनबराची संसद नवे सार्वमत घेऊ शकत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला आहे.