मेटल नवीन आहे? मग आधी नावं पाठ करू नकोस

अरे हेवी मेटल या रॉक संगीताच्या उपप्रकारांची एवढी मोठी यादी बघून घाबरू नकोस, आम्हालाही सगळी नावं पाठ नाहीत. सुरुवात ब्लॅक सबाथ या बँडपासून कर, त्यांचा १९७० चा पहिला अल्बम, मग आयर्न मेडन. एवढं कानात बसलं की पुढचे फरक आपोआप कळायला लागतात.

ऐकताना तीनच गोष्टी पकड: वेग, गिटार आणि गाणाऱ्याचा आवाज.

- थ्रॅश: सुसाट, गिटार तुटक कापल्यासारखी. स्लेयर, मेटॅलिकाचे जुने अल्बम.
- डूम: एकदम संथ, जड. कॅन्डलमास ऐक. त्यांचा पहिला अल्बम आणि स्लेयरचा 'रेन इन ब्लड' दोन्ही १९८६ चे, लागोपाठ लाव, फरक समजावून सांगायची गरजच पडणार नाही.
- डेथ: पोटातून येणारी गुरगुर, ड्रम्स भयंकर.
- ब्लॅक: चिरका आवाज, मुद्दाम खरखरीत रेकॉर्डिंग, नॉर्वेवाले यात बाप.
- पॉवर: उंच सुरात गाणं, हॅलोवीन.

नवीन लोक हमखास काय करतात तर पहिल्याच दिवशी डेथ लावतात आणि "हा नुसता आरडाओरडा आहे" म्हणून सोडून देतात. त्या आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो रे, आधी नुसती गिटार ऐक. आणि हो, कुठला बँड कशात बसतो यावर वाद घालत बसू नकोस, ते आम्हा रिकामटेकड्यांचं काम. बाकीचे उपप्रकार नंतर बघू.