पहिल्यांदा मारिओ कार्ट खेळतोयस, तर एवढं कर
रविवारी मिसळ खाऊन गंगापूर रोडला माझ्याकडे येतोयस ना, मग हे ध्यानात ठेव. 'मारिओ कार्ट 8 डीलक्स' या गाड्यांच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये सुरुवातीच्या उलट्या मोजणीत '2' दिसला की अ‍ॅक्सिलरेटर दाब आणि सोडू नकोस, निघतानाच जोर मिळतो. खरी मजा ड्रिफ्टमध्ये, म्हणजे वळणावर गाडी घसरवत नेण्यात आहे. वळताना आर बटण दाबून धर. चाकांखालच्या ठिणग्या आधी निळ्या, मग केशरी, शेवटी जांभळ्या होतात; बटण सोडलं की जोर मिळतो, आणि जांभळ्यावर सर्वांत जास्त. मी निळ्यावरच घाईने सोडायचो, म्हणून कितीतरी दिवस मागे राहिलो. गाडीला आपोआप रस्त्यावर ठेवणारं स्मार्ट स्टीअरिंग चालू असेल तर जांभळ्या येतच नाहीत, त्यामुळे हात बसला की ते बंद कर. नाणी 10 पर्यंत गोळा कर, वेग वाढतो. आणि केळ्याची साल लगेच फेकू नकोस रे! एल बटण दाबून मागे धरलीस की दुसऱ्याने तुझ्यावर मागून सोडलेलं लाल कवच तिच्यावरच फुटतं.