लोन शार्कला नुसतं 'सावकार' म्हटलं तर चालेल का?

प्रश्न असा आलाय की न्यूयॉर्कच्या माफियावरच्या एका माहितीपटाची मराठी सबटायटल्स करताना 'लोन शार्क'ला (धाकदपटशाने वसुली करणारा, भरमसाठ व्याजाने कर्ज देणारा) सगळीकडे 'सावकार' आणि 'विग'ला (तो घेतो ते आठवड्याचं व्याज) 'व्याज' टाकलंय, ते बरोबर आहे का आणि नसेल तर काय लिहायचं.

माझं मत विचाराल तर नुसतं 'सावकार' नको. आपल्या सावकाराची सगळी ताकद कागदात असते. खत, गहाण, तारण, अंगठा, आणि पैसे बुडाले की कोर्टाचा हुकूमनामा. म्हणून तर १८७५ साली सुप्यापासून पुणे-नगर भागात जो शेतकऱ्यांचा उठाव झाला त्यात लोकांनी सावकारांच्या घरातून कर्जखतं बाहेर काढून जाळली, कारण कागद गेला की सावकाराचा हात तुटला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. न्यूयॉर्कच्या टोळीवाल्याकडे जाळण्यासारखं खतच नसतं. तारण नाही, कोर्टात जायची सोय नाही (त्याचा धंदाच गुन्हा आहे, दावा कुठे लावणार?), वहीत फार तर नावं आणि आकडे. तारण म्हणजे घेणाऱ्याचं अंग आणि त्याच्या घरची माणसं. इतका मोठा फरक असताना एकच शब्द ठेवला तर मराठी वाचकाच्या डोळ्यासमोर चोपडी आणि तिजोरी येते आणि पडद्यावरच्या माणसाशी ते काही जुळत नाही.

गंमत म्हणजे 'लोन शार्क' हा शब्द सुरुवातीला कागदवाल्यांसाठीच होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेच्या मोठ्या शहरांत पगारावर उचल देणारी ऑफिसं होती, नोकरदार माणूस पुढचा पगार लिहून द्यायचा आणि थकला की त्याच्या मालकाकडे जाऊन बोभाटा करायची भीती घालायचे, म्हणजे अब्रूची भीती, मारायची नाही. मग १९१६ नंतर छोट्या कर्जांसाठी आदर्श कायदा तयार झाला, राज्याराज्यांत लायसनवाले सावकार आले, आणि ज्यांना तिथेही कोणी उभं करत नव्हतं त्यांच्यासाठी दारूबंदीच्या काळात पैसा केलेल्या टोळ्या पुढे सरसावल्या. १९३५ मध्ये थॉमस ड्युई न्यूयॉर्कला टोळ्यांविरुद्ध विशेष सरकारी वकील म्हणून आला तेव्हा त्याने सुरुवातीलाच हात घातला तो याच लोकांवर. म्हणजे शब्द तोच राहिला आणि आतला माणूस बदलला. त्यामुळे माहितीपटात १९०० च्या आसपासचा भाग असेल तर तिथे 'सावकार' खुशाल ठेवा.

आता 'विग'. पूर्ण शब्द 'विगरिश', रशियन भाषेत जिंकलेल्या पैशाला जो शब्द आहे तो यिद्दिशमधून अमेरिकेच्या जुगारात आला, आधी बुकीच्या कटोतीसाठी, मग कर्जावरच्या आठवड्याच्या व्याजासाठी. शिकागोत त्यालाच 'जूस' म्हणतात आणि कर्जाला 'जूस लोन'. दर सांगायची पद्धत 'पॉइंट', एक पॉइंट म्हणजे आठवड्याला शेकडा एक. वरचा बॉस आपल्या हाताखालच्यांना आठवड्याला साधारण एका टक्क्याने पैसा देतो, मधला आणखी एक-दीड टक्का चढवतो, रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला तो पाच टक्क्यांनी मिळतो. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात पण ते आठवड्याचे आहेत, वर्षाचे २६० होतात. छोट्या रकमेला 'सिक्स फॉर फाइव्ह', पाच घ्या आणि पुढच्या आठवड्यात सहा द्या, म्हणजे आठवड्याला वीस टक्के. न्यूयॉर्क राज्यात १९६५ पासून वर्षाला २५ टक्क्यांच्या वर व्याज घेणं हा फौजदारी गुन्हा आहे, त्याच्याशी हे ताडून बघा.

खरी मेख अशी की विग भरून मुद्दल एक पैशाने कमी होत नाही. हजार डॉलर घेतले आणि वर्षभर आठवड्याला पन्नास भरले तर २६०० गेले आणि हजार तसेच डोक्यावर. आपल्याकडे निदान दामदुपटीचा नियम होता, थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही, पण तो नियम मानायला कोर्ट लागतं आणि इथे कोर्टच नाही.

म्हणून 'व्याज' चुकीचं नाही पण फार सभ्य आहे. मी 'हप्ता' सुचवेन. फारसीत हफ्त म्हणजे सात, त्यावरून हप्ता म्हणजे आठवडा. मराठीत तो कर्जाचा हप्ता झाला आणि मुंबईच्या बोलीत गुंडाला द्यायचा हप्ता झाला. विगमध्ये तिन्ही गोष्टी आहेत, दर आठवड्याला, कर्जापोटी, आणि भीतीने. फक्त पहिल्यांदा येईल तिथे 'व्याजाचा हप्ता' लिहा, नाहीतर वाचकाला वाटेल कर्ज फिटत चाललंय, कारण आपल्याला हप्ता म्हटलं की बँकेचा आठवतो. जे कर्ज खरंच हप्त्या-हप्त्याने फिटतं त्याला ते 'नॉकडाउन' म्हणतात, तिथे सरळ 'मुद्दल-व्याजाचा हप्ता'.

दोन्ही प्रकार एकात कसे मिसळतात ते पेरेझ नावाच्या लोन शार्कच्या खटल्यात छान दिसतं. १९७१ साली हा खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि निकालातच सगळा हिशोब दिलाय. नवीन मटणाचं दुकान टाकलेल्या माणसाने हजार डॉलर घेतले, ठरलं आठवड्याला १०५ आणि चौदा आठवडे, म्हणजे १४७० मध्ये मोकळा. सहा-आठ आठवडे नीट भरले तर हप्ता १३० केला. मग आणखी दोन हजार घेतले, २०५ ठरले, थोड्याच आठवड्यांत ३३०. तो कुरकुरला तेव्हा त्याला सांगितलं की एक गिऱ्हाईक पैसे देत नव्हतं ते हॉस्पिटलात गेलं. मग ५००, मग हजार. माल देणाऱ्यांचे पैसे थकवून त्याने एकदा हजार भरले, पुढच्या आठवड्यात पुन्हा हजार म्हटल्यावर दुकान विकलं. दुकान विकेपर्यंत त्याला नुसती दुसऱ्याची गोष्ट सांगितली होती हे लक्षात घ्या, उघड धमक्या त्यानंतर आल्या. आणि १९६८ चा केंद्राचा कायदा नेमकं हेच पकडतो: कर्ज देतानाच दोघांना माहीत असेल की थकलास तर इजा होईल, तर तेवढ्यावर गुन्हा झाला, वीस वर्षांपर्यंत शिक्षा. पेरेझने त्या कायद्यालाच आव्हान दिलं होतं, कोर्टाने कायदा उचलून धरला.

म्हणून 'तगादा' हा शब्दही जपून वापरा. तगादा वाणीही लावतो, बँकही लावते. टोळीच्या बाबतीत 'दम देणं', 'वसुलीला माणसं पाठवणं' हेच बरोबर. आणि पैसे फिटेनासे झाले की टोळी धंद्यात भागीदार म्हणून घुसते, दुकानाच्या नावावर उधारीने माल उचलते, पडेल भावात विकते आणि दुकान बुडवते, याला ते 'बस्ट आउट' म्हणतात. याला मराठी शोधायला नको, 'दिवाळं काढायला लावलं' तयार आहे.

लोन शार्कसाठी मग काय? 'कर्जमासा' वगैरे घडवू नका, कोकणातल्या माणसाला शार्क, म्हणजे मुशी-मोरी, म्हटलं की आधी जेवण आठवतं. 'पठाणी सावकार' जवळचा वाटेल, कारण तिथेही काठीचा धाक आहे आणि मुंबईत करीम लालाच्या टोळीचा व्याजबट्ट्याशी खरोखर संबंध होता, पण मी तो टाळेन. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हे लोक स्वतःच्या धंद्याला 'शायलॉकिंग' म्हणतात, तोडून नुसतं 'शाय', शेक्सपिअरच्या नाटकातल्या ज्यू सावकाराच्या नावावरून. धंदा चालवणारे बरेचसे इटालियन आणि शिवी मात्र ज्यूंच्या नावाची. एका समाजाला चिकटवलेला हा शब्द काढून आपण दुसऱ्या समाजाला चिकटवलेला शब्द घालायचा, हे मला पटत नाही. आपल्या पेपरांत 'अवैध सावकारी', 'खासगी सावकारी' चालतं, महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यामुळे ते रुळलंही आहे, पण त्यात विनालायसन मास्तरही येतो आणि गुंडही. मी 'गुंड सावकार' लिहीन, आणि धंद्याला 'टोळीची सावकारी'. दोन-चार वेळा येऊन गेलं की पुढे नुसतं 'सावकार' चालेल, तोपर्यंत वाचकाला माणूस कळलेला असतो. कोणाच्या तोंडी 'शायलॉक' आला तर संवादात तसाच ठेवा, तो त्या माणसाचा शब्द आहे, निवेदनात मात्र नको.

'पुटिंग मनी ऑन द स्ट्रीट' येईलच कुठेतरी. 'रस्त्यावर पैसे ठेवले' असं करू नका, 'व्याजाने पैसे फिरवतो' म्हणा.