घरात ट्रेमध्ये लावलेली टोमॅटो-मिरचीची रोपं उगवताच लांबट होऊन आडवी पडतात, काय करावं?

पहिले कोंब दिसताच ट्रेवरचं झाकण काढा आणि रोपं भरपूर उजेडात आणा. ती लांबट होतात ती खत कमी पडल्याने नव्हे, उजेड कमी पडल्याने. खिडकीतला उजेड एकाच बाजूने येतो, म्हणून साधी पांढरी एलईडी ट्यूब शेंड्यांपासून १०-१५ सेंमीवर टांगा, रोज १४-१६ तास. रात्री बंद. मातीलगत खोड बारीक, पाणचट, तपकिरी दिसलं तर मात्र तो मर रोग, म्हणजे सतत ओल्या कोकोपीटमधली (नारळाच्या भुशातली) बुरशी. ते रोप वाचत नाही. उपटून टाका आणि बाकीची सांभाळा:

- पाणी वरून नको. ट्रे १५-२० मिनिटं उथळ पाण्यात ठेवा, उरलेलं फेका. वरचा थर सुकल्यावरच पुन्हा.
- दलपत्रांनंतरची (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची) खरी पानं आल्यावर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला १ ग्रॅम. त्याआधी काहीच नको.

नुसतं लांबलेलं टोमॅटोचं रोप पुनर्लागणीत दलपत्रांपर्यंत खोल लावा, खोडाला मुळं फुटतात. मिरचीला तितकी नाही. सोलापुरात एप्रिल-मे असेल तर उजेडासाठी थेट गच्चीवर नेऊ नका, दुपारपर्यंत करपतील. ५० टक्के शेडनेटखाली सकाळचा एक तास, मग आठवडाभर थोडा थोडा वाढवा.