पिटकेर्न बेटांचा अभ्यास कुठून सुरू करावा?

दक्षिण प्रशांत महासागरातील पिटकेर्न बेटांकडे वळणारे बहुतेक जण १७८९ मध्ये 'बाउंटी' या ब्रिटिश जहाजावर झालेल्या बंडापासून वाचायला सुरुवात करतात. माझा आग्रह असा, की तुम्ही आधी चारही बेटांची घडण समजून घ्यावी. पिटकेर्न हे ज्वालामुखीतून उभे राहिलेले, कड्यांनी वेढलेले, जेमतेम पाच चौरस किलोमीटरांचे बेट आहे. हेंडरसन त्याहून कितीतरी मोठे, पण ते समुद्रातून वर उचललेले प्रवाळबेट असल्याने तिथे गोडे पाणी दुर्मीळ आहे. ओएनो आणि ड्यूसी ही सखल कंकणद्वीपे, म्हणजे कड्याच्या आकाराची प्रवाळबेटे, आहेत.

युरोपीय येण्याच्या कित्येक शतके आधी पॉलिनेशियन लोक पिटकेर्न आणि हेंडरसनवर राहत होते, आणि पिटकेर्नचा हत्यारांसाठी उपयुक्त दगड व पश्चिमेकडील मांगारेव्हा बेटाचे मोत्यांचे शिंपले होड्यांतून इकडून तिकडे जात. हेंडरसनवर ज्वालामुखीचा दगड मुळीच नव्हता. त्यामुळे सुमारे १५०० च्या आसपास ही ये-जा थांबल्यावर तिथली वस्ती टिकली नाही. माझ्या मते हाच या इतिहासाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि नवे अभ्यासक नेमका तोच वगळतात.

१७९० मध्ये 'बाउंटी'वरील बंडाचा म्होरक्या फ्लेचर ख्रिश्चन आणि त्याचे साथीदार उतरले, तेव्हा पिटकेर्न निर्मनुष्य होते. त्यांच्याबरोबर आणलेल्या ताहितीच्या स्त्रियांविषयी मात्र जे मिळेल ते आवर्जून वाचा, कारण १८०८ मध्ये एक अमेरिकी जहाज तिथे पोहोचले, तेव्हा बंडखोरांपैकी केवळ जॉन अॅडम्स जिवंत होता आणि वस्ती स्त्रिया व मुलांची होती. १८५६ मध्ये सगळे नॉरफोक बेटावर गेले; काही कुटुंबे पुढे परतली.