पाणवनस्पतींच्या हरितलवकातून एनडीएच जनुकं का जातात? पाण्यामुळेच ना?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तळ्यात बुडून वाढणाऱ्या नाजस या वनस्पतीच्या हरितलवक जीनोममध्ये (हरितलवकाच्या स्वतःच्या डीएनएमध्ये) एनडीएचच्या, म्हणजे प्रकाशसंश्लेषणात इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या प्रथिन-संकुलाच्या, ११ जनुकांपैकी एकही सापडत नाही, तर 'पाण्याखाली गरज उरली नाही म्हणून गेली' असं प्रबंधात लिहावं का?

जनुकं गेली असतील. 'म्हणून'वर मात्र काट मारा. या एका शब्दावरून मी पुष्कळ वाद घातले आहेत आणि अजून घालायची तयारी आहे.

आधी ती खरोखर गेली आहेत का, ते बघा. पाणवनस्पतीच्या पानांवर शेवाळ आणि डायटम चिकटलेले असतात आणि त्यांच्याही हरितलवकांचा डीएनए तुमच्या रीड्समध्ये (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यांत) येतो. म्हणून शेंड्याकडची कोवळी दोन-तीन सेंटिमीटरच घ्या, मऊ ब्रशने घासून धुवा, मगच सिलिका जेलमध्ये टाका. डीएनए काढताना बुळबुळीत पॉलिसॅकराइड आडवं येतं. डीएनए काढायच्या द्रावणात सीटॅब (साबणासारखं रसायन) २ टक्के, पीव्हीपी (पानातली फिनॉलं धरून ठेवणारं रसायन) २ टक्के घ्या, ६५ अंशांवर अर्धा ते एक तास ठेवा. नंतर अल्कोहोलने डीएनए खाली बसवताना मीठ १ मोलरच्या वर असू द्या, म्हणजे बुळबुळ द्रावणातच राहते. हे टाळलं तर पीसीआर (डीएनएच्या एका तुकड्याच्या प्रती वाढवण्याची पद्धत) अडतो, जेलवर त्या तुकड्याची पट्टी उमटत नाही आणि 'पट्टी आली नाही म्हणजे जनुक नाही' असा निष्कर्ष निघतो.

उलटंही होतं. हरितलवकातून गेलेल्या जनुकाचे तुकडे मायटोकॉन्ड्रियात किंवा केंद्रकात पडलेले असतात. एनडीएच-एफ या जनुकाचे सार्वत्रिक प्रायमर (पीसीआर सुरू करणारे छोटे डीएनए तुकडे) त्यांनाच पकडतात आणि पट्टी छान येते. तेव्हा कव्हरेज बघा, म्हणजे एकेक जागा किती रीड्समध्ये आली ते. हरितलवकातल्याच आरबीसीएल जनुकावर हजारपट आणि एनडीएचच्या तुकड्यावर वीसपट असेल, तर तो तुकडा हरितलवकातला नाही.

जीसेक या जनुकं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने एखादं जनुक 'स्यूडो' (निकामी) म्हटलं की मान डोलवू नका. जनुक सहसा एटीजी या तीन अक्षरांनी सुरू होतं, पण एनडीएच-डी तंबाखूतही एसीजीने सुरू होतं. आरएनए एडिटिंगमध्ये, म्हणजे आरएनएतली अक्षरं नंतर बदलली जातात तेव्हा, त्याचं एयूजी (एटीजीचं आरएनएतलं रूप) होतं. सॉफ्टवेअरला सुरुवात सापडत नाही आणि धडधाकट जनुक मेलेलं ठरतं. नेच्यांमध्ये तर मधला स्टॉप कोडॉनसुद्धा (प्रथिन तिथेच थांबवणारी तीन अक्षरं) एडिटिंगने दुरुस्त होतो, म्हणून अझोला, साल्व्हिनिया या पाणनेच्यांवर काम करणाऱ्यांनी दुप्पट सावध राहावं. सपुष्प वनस्पतीत मधला स्टॉप किंवा फ्रेमशिफ्ट (अक्षरं गळून किंवा शिरून सरकलेलं वाचन) दिसला, तर संशय रास्त आहे.

सगळ्यात स्वस्त खात्री म्हणजे टीआरएनएफ आणि टीआरएनव्ही-यूएसी या दोन हरितलवक जनुकांमधला भाग पीसीआरने उचलून सँगर पद्धतीने त्याचा क्रम वाचा. एनडीएच-जे, के, सी तिथेच ओळीने असतात आणि तिघं मिळूनच दीड हजार बेसजोड्यांच्या वर भरतात. पट्टी तेवढ्याने आखूड आली की बोला. जीनोमच्या एकूण लांबीवर जाऊ नका. हरितलवक जीनोममध्ये उलट्या दिशेने दोनदा येणारा ‘उलट पुनरावृत्ती’चा भाग फुगून तूट भरून निघू शकते.

आता काम. एनडीएच संकुल प्रकाशप्रणाली १ (प्रकाश शोषणाऱ्या दोन यंत्रणांपैकी एक) भोवती इलेक्ट्रॉन परत फिरवतं. कार्बन पकडायला दर २ एनएडीपीएचमागे ३ एटीपी (हे दोन्ही ऊर्जा वाहणारे रेणू) लागतात, सरळ प्रवाहातून त्याहून कमी मिळतात. तूट या परत फिरणाऱ्या, म्हणजे चक्रीय प्रवाहातून भरते. पण त्याला पीजीआर५ या प्रथिनाचा दुसरा, मोठा रस्ता आहे. १९९८ मध्ये तंबाखूतलं एनडीएच मोडून पाहिलं, तर नेहमीच्या परिस्थितीत झाडं जवळजवळ नेहमीसारखीच वाढली. म्हणजे जमिनीवरही ही जनुकं रोजच्या भाकरीची नव्हेत, अडीअडचणीची आहेत.

म्हणूनच 'पाण्यामुळे' हे उत्तर मला आळशी वाटतं. नाजस फ्लेक्सिलिसमधून ११ही गेल्याचं २०१३ मध्ये छापून आलं, मान्य. पण त्याच कुळातल्या एलोडिया कॅनाडेन्सिसमध्ये ती शाबूत आहेत. सेराटोफायलम आयुष्यभर बुडालेलं असतं, त्यातही आहेत. आणि कासच्या पठारावरची सीतेची आसवं ज्या प्रजातीतली, त्या युट्रिक्युलारियात उलटाच प्रकार: पाण्यात तरंगणाऱ्या गिब्बात जनुकं आहेत, जमिनीवरच्या रेनिफॉर्मिसमधून गेली. पाइन, कित्येक ऑर्किड आणि वाळवंटातला सग्वारो निवडुंग यांनीही ती टाकली आहेत. सग्वारोला कुठलं तळं?

एक मात्र कबूल करायला हवं. नाजसच्या आलिस्माटेल्स गणात हा लोप एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे झालेला आहे, तेव्हा बुडून राहण्याने निवडीचा दाब सैल होत असेल, ही शक्यता मी पुसून टाकत नाही. पण ती शक्यता म्हणूनच लिहा.

जमलं तर दोन गोष्टी करा. ट्रान्सक्रिप्टोममध्ये (पेशीतल्या सगळ्या आरएनएच्या वाचनात) केंद्रकातली एनडीएच-एल, एम, एन, ओ शोधा. हरितलवकातली गेली की बहुधा तीही जातात. आणि पीएएम फ्लुरोमीटरवर (हरितद्रव्याची प्रतिदीप्ती मोजणारं यंत्र) प्रकाश बंद केल्यावर प्रतिदीप्ती क्षणभर वर चढते का (चढली तर एनडीएच चालू असल्याची खूण), ते पालकाचं पान शेजारी ठेवून बघा. पालकात चढली आणि नाजसमध्ये रेघ सपाट राहिली, तर परीक्षकासमोर तो आलेखच आधी ठेवा.