वीस वर्षं भेट नव्हती, मग एवढं रडू का येतं?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या इतक्या जणांनी हा प्रश्न विचारलाय की पहिल्या वाक्यातच ओळखू येतो. लहानपणीची मैत्रीण किंवा मित्र गेलेला असतो, मधल्या वर्षांत धड बोलणंही झालेलं नसतं, आणि माणूस रडायच्या आधी माफी मागतो. "खरं तर एवढं वाटायला नको."

त्यातल्याच एका बाईंची गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून. वय पन्नाशीचं. मैत्रीण आजारपणात गेली, आणि यांना कळलं आठ दिवसांनी, शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, दोन वाढदिवसांच्या शुभेच्छांच्या मधे.

"मिस्टरांनी विचारलं, शेवटच्या कधी भेटला होतात? म्हटलं, वीस वर्षं झाली. मग ते काही बोललेच नाहीत."

"त्या न बोलण्यात तुम्हाला काय ऐकू आलं?"

"की मला हक्क नाही."

अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८०च्या दशकात अशा दुःखाला नाव दिलं. समाज ज्याची दखल घेत नाही ते दुःख. मी त्याला साध्या भाषेत 'बिनहक्काचं दुःख' म्हणते. भाऊ गेला तर ऑफिस रजा देतं, लोक भेटायला येतात. मैत्रीण गेली तर दुसऱ्या दिवशी डबा भरायचा आणि कामाला लागायचं.

दुसऱ्या भेटीत त्या फोनवर दुःखाचे पाच टप्पे वाचून आल्या: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. "मी कितव्यावर आहे?" हे टप्पे मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले ते मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटले. लोक त्यावर स्वतःला मार्क देत बसतात, याचा मला मनापासून राग आहे. बाईंना म्हटलं, टप्पे राहू द्या, मैत्रीण कशी होती ते सांगा.

आणि त्या सुटल्याच. दोघी 'च'च्या भाषेत बोलायच्या. एकदा दोघींनी भिंतीवरून उडी मारली, मैत्रिणीची हनुवटी फुटली, आणि घरी 'जिन्यावरून पडली' असं ठरवून सांगितलं. "माझा फ्रॉक तिच्या हनुवटीला दाबून धरला होता. पिवळा फ्रॉक. रक्त..." त्या थांबल्या. "की तो तिचाच फ्रॉक होता? आणि भिंत होती, की झाड?"

मी गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहणं मला जमायला बरीच वर्षं लागली.

"आता कुणाला विचारू?" त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर जवळजवळ अर्धा तास रडल्या. माफी न मागता.

त्या दिवशी मलाही एक गोष्ट लख्ख दिसली. मी तोवर 'मैत्री गमावल्याचं दुःख' असंच धरून चालले होते. पण या बाईंच्या आठ वर्षांच्या वयाला दोनच साक्षीदार होते आणि त्यातली एक गेली होती. "नाही गं, तसं नव्हतं," असं म्हणणारं माणूस गेलं होतं. मधली वीस वर्षं न बोलता चालली, कारण ती कुठेतरी आहे हे गृहीत होतं. म्हणून हे रडू वीस वर्षांच्या दुराव्याच्या हिशोबात बसतच नाही. ते त्या आठ वर्षांच्या मुलीचं असतं.

अपराधीपणाचं गाठोडं नंतर सुटलं. मैत्रिणीचा शेवटचा मेसेज होता, 'बोलू गं निवांत.' यांनी नुसता अंगठा पाठवला होता. मी त्यांना उत्तर लिहायला सांगितलं, आत्ता, इथेच. त्यांनी दोनच शब्द लिहिले, 'चशीरउ चलाझा'. मला उलगडायला क्षणभर लागला. उशीर झाला.

"तेव्हा निवांत वेळ मिळेल असंच तुम्हा दोघींना वाटत होतं," एवढंच मी म्हटलं. फोन करायला हवा होता हे खरंच आहे, ते पुसायला मी गेले नाही. खोटा दिलासा माणसाला लगेच कळतो.

असं दुःख घेऊन बसलेल्यांना माझं सांगणं असतं की 'विसरा' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. गेलेल्या माणसाशी नातं तोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा जुना समज आता मागे पडलाय. जवळच्या एकाला तरी नाव घेऊन सांगा की ती माझी कोण होती. नुसतं 'शाळेतली मैत्रीण वारली' म्हणाल तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. आणि 'अजून का सावरले नाही' हे पहिल्या महिन्यात विचारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणातही लांबलेल्या शोकाचा विकार म्हणून विचार किमान ६ महिन्यांनंतर होतो, तोही रोजचं जगणंच अडलं असेल तर. मात्र जगणं नकोसं वाटू लागलं तर एक दिवसही थांबू नका, मदत घ्या.

बाईंना मी विचारलं होतं, त्या घरातलं दुसरं कुणी आहे का? मैत्रिणीचा मोठा भाऊ होता. "त्याला कसा फोन करू, तो ओळखणारही नाही," यातच दोन भेटी गेल्या. मग एकदा त्या आल्या त्या तणतणतच.

"तो म्हणतो जिनाच होता! म्हणे, भिंत नाही नि झाड नाही, ती जिन्यावरूनच पडली. आम्ही केलेली थाप अजून खरी मानून बसलाय तो! पाऊण तास भांडलो. फ्रॉकचं तर त्याला काहीच आठवत नाही."

"मग?"

"मग काय, रविवारी परत करणारे फोन. त्याच्याकडे जुने फोटो आहेत म्हणे."